पडद्यावरचे ए आणि बी

जानेवारी १९९१. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने ३८६ प्रोसेसरचा पीसी हप्त्यांवर घेतला. हा प्रोसेसर एक काम अर्धवट थांबवून दुसरं कसं हाती घेतो, हे त्याला करून पाहायचं होतं. म्हणून त्याने दोन छोटी कामं लिहिली. एक पडद्यावर नुसते ए छापायचं, दुसरं नुसते बी. टायमरच्या ठोक्यासरशी ए थांबून बी उमटू लागले की जमलं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे यंत्र आणि त्यावरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, सुरुवात एवढीच होती.

हौसेने ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतलेल्यांच्या वहीत पुष्कळदा उलटं चित्र दिसतं. आधी नाव, बोधचिन्ह, खिडक्यांचे रंग. उत्साह खराच असतो, पण इथे कामांचा क्रम आपण नाही, यंत्र ठरवतं. बायोस, म्हणजे पीसी सुरू होताच चालणारा आतलाच प्रोग्राम, असलेल्या यंत्रात सुरुवातीला डिस्कवरचे पहिले ५१२ बाइटच मेमरीत येतात. एवढ्याशा जागेतल्या कोडने उरलेली सिस्टीम आत ओढून आणायची. तिथे ना फाइल, ना मेमरी मागून घेण्याची सोय, कारण या सोयी पुरवणारी सिस्टीमच तर अजून लिहायची असते.

त्यात चूक झाली तर? प्रोसेसर ती चूक हाताळणाऱ्या कोडकडे वळतो. तो कोडही चुकला तर दुसरी संधी मिळते, आणि तीही फसली की यंत्र सरळ रीसेट होतं. पडद्यावर एक अक्षर येत नाही. म्हणून माझ्या मते नियोजनातलं पहिलं काम म्हणजे आत काय चाललंय ते दिसण्याची सोय: सिरियल पोर्टवर, म्हणजे एकेक बिट बाहेर पाठवणाऱ्या साध्या जोडणीवर, मजकूर पाठवणाऱ्या मोजक्या ओळी. क्यूईमूसारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, तो मजकूर फाइलमध्ये साठवता येतो, आणि यंत्र कोसळलं तरी शेवटची ओळ हाती राहते. मग इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचं लक्ष वेधणारे इशारे), मेमरीचं वाटप, कामांची अदलाबदल, डिस्क. खिडक्यांची पाळी बरीच नंतर.

काय लिहायचं नाही, हेही आधीच ठरवावं लागतं. टॉरवाल्ड्सने कंपायलर (लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लिहिला नाही, शेलही (टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम) नाही. मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ग्नू प्रकल्पाचे जीसीसी हा कंपायलर आणि बॅश हा शेल घेतले. डिस्कवरची फाइलींची मांडणी त्याने मिनिक्स या आधीच्या एका छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमची उचलली. मिनिक्स त्याच पीसीवर होतं, त्यामुळे आपण लिहिलेली फाइल नीट उतरली का, हे तिथून तपासता यायचं. एवढा भार कमी केल्यामुळेच एकट्याच्या हाताने काम पुढे सरकलं. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने हे काम जाहीर केलं तेव्हा हा नुसता छंद आहे, मोठं काही नाही, असंच म्हटलं होतं. सप्टेंबरमध्ये ०.०१ आवृत्ती आली, सुमारे १०,००० ओळींची. कीबोर्डची मांडणी फिनिश, कारण त्याचा स्वतःचा कीबोर्ड तसा होता.

ए आणि बीनंतरची कामंही एकेक गरजेतूनच आली. मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडणारा प्रोग्राम तयार झाला, तर फाइली उतरवून ठेवायला डिस्क ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा कोड, हवा झाला. त्या वर्षाच्या अखेरीस एका वापरकर्त्याची अडचण समोर आली: त्याच्याकडे मेमरी फक्त २ एमबी, त्यात कंपायलर मावेना. टॉरवाल्ड्सने नाताळच्या सुट्टीत मेमरीतली पानं, म्हणजे तिचे ठरावीक आकाराचे तुकडे, डिस्कवर हलवण्याची सोय लिहिली.