बड ग्रँट की मार्व्ह लेव्ही? सारख्या नोंदींचे दोन प्रशिक्षक

कॅनडात ग्रे कप, म्हणजे तेथील व्यावसायिक फुटबॉलचे विजेतेपद, जिंकलेला, पुढे अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेलेला, तेथे आपल्या संघाला चार वेळा सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेऊन चारही वेळा हरलेला आणि तरीही दोन्ही देशांच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये सन्मानाने दाखल झालेला प्रशिक्षक कोण, या प्रश्नाची दोन अचूक उत्तरे आहेत : बड ग्रँट आणि मार्व्ह लेव्ही. दोघेही कॅनडातील कामगिरीसाठी ओळखले जात असले तरी जन्माने अमेरिकी होते, आणि नोंदींत इतके साम्य असल्यामुळे एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या नावावर सहज खपून जातो. (येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा उत्तर अमेरिकी खेळ.) मात्र कॅनडाने या दोघांना दिलेल्या गोष्टी सारख्या नव्हत्या. ग्रँट तेथे प्रशिक्षक म्हणून घडले, तर लेव्ही घडून तेथे आले.

ग्रँट यांचा जन्म 1927 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील सुपीरियर येथे झाला. मिनियापोलिस लेकर्सच्या 1950 च्या विजेत्या बास्केटबॉल संघात ते होते. त्यानंतर फिलाडेल्फिया ईगल्सकडून दोन हंगाम फुटबॉल खेळून, मानधनाचे जुळेना म्हणून ते 1953 मध्ये विनिपेग ब्लू बॉम्बर्सकडे खेळाडू म्हणून गेले. 1957 मध्ये, वयाची तिशीही पूर्ण झालेली नसताना आणि व्यावसायिक संघाला शिकवण्याचा अनुभव नसताना, त्याच संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले. पुढच्या दहा हंगामांत संघ सहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि 1958, 1959, 1961 व 1962 असे चार ग्रे कप त्याने जिंकले. यांपैकी 1962 चा सामना टोरोंटोत इतक्या दाट धुक्यात सापडला की तो थांबवून उरलेला भाग दुसऱ्या दिवशी खेळवावा लागला. हॅमिल्टनविरुद्ध तो विनिपेगने 28–27 असा जिंकला.

लेव्ही 1925 मध्ये शिकागोत जन्मले आणि हार्वर्डमधून त्यांनी इंग्लंडच्या इतिहासात पदव्युत्तर पदवी घेतली. 1973 मध्ये माँट्रियल अलुएट्सची सूत्रे हाती घेण्यापूर्वी ते तीन विद्यापीठांच्या संघांचे मुख्य प्रशिक्षक राहिले होते आणि एनएफएलमध्ये जॉर्ज ॲलन यांच्या हाताखाली त्यांनी विशेष तुकड्यांचे, म्हणजे किक मारणाऱ्या आणि परतवणाऱ्या खेळाडूंचे, काम सांभाळले होते. माँट्रियलमध्ये ते पाचच हंगाम होते. त्यांत 1974 आणि 1977 चे ग्रे कप त्यांनी जिंकले, आणि 1978 मध्ये ते कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेले. 1977 चा अंतिम सामना माँट्रियलच्याच ऑलिम्पिक स्टेडियमवर गोठलेल्या मैदानात झाला. अलुएट्सच्या खेळाडूंनी पाय घसरू नयेत म्हणून बुटांच्या तळव्यांना कागद टाचायच्या पिना ठोकल्या आणि एडमंटनला 41–6 असे हरवले. धुके ग्रँट यांचे आणि बर्फ लेव्ही यांचा, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

दोघांच्या कॅनडातील पराभवांतही तेथील हवामान आणि तेथील गुणपद्धती दिसते. 1965 च्या अंतिम सामन्यात समोरून सुसाट वारा वाहत असताना आपल्या गोलजवळून मारलेली किक जवळच पडेल आणि प्रतिस्पर्ध्याला चेंडू मोक्याच्या जागी मिळेल, या हिशेबाने ग्रँट यांनी तीन वेळा मुद्दाम ‘सेफ्टी’ पत्करून, म्हणजे चेंडू आपल्याच गोलक्षेत्रात अडवला जाऊ देऊन, प्रत्येकी दोन गुण देऊन टाकले. हॅमिल्टनने तो सामना 22–16 असा, नेमक्या सहा गुणांनी जिंकला. लेव्ही यांच्या अलुएट्सने 1975 मध्ये अखेरच्या क्षणी फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारायची किक, हुकवला, आणि कॅनडाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्या हुकलेल्या किकचाही एक गुण मिळून ते 9–8 असे हरले. अमेरिकेत असा गुण नाही. जानेवारी 1991 च्या सुपर बोलमध्ये लेव्ही यांच्या बफेलो बिल्सची 47 यार्डांची शेवटची किक खांबांच्या उजवीकडून गेली आणि न्यूयॉर्क जायंट्स 20–19 असे जिंकले. कॅनडाचा तेव्हाचा नियम असता तर त्या किकने बरोबरी झाली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सुपर बोलमधील चार पराभवही एका मापाने मोजता येत नाहीत. लेव्ही यांचे चारही पराभव सलग हंगामांतले आहेत, आणि सलग चार वेळा तेथे पोहोचलेला दुसरा संघ नाही. पहिला पराभव एका गुणाचा होता, पुढचे तिन्ही मोठ्या फरकाचे. ग्रँट यांच्या मिनेसोटा व्हायकिंग्जचे पराभव 1969 ते 1976 या हंगामांमध्ये विखुरलेले आहेत आणि त्यांतला एकही दहापेक्षा कमी गुणांनी झालेला नाही. व्हायकिंग्जची ओळख बचावावर होती, बिल्सची दोन चालींच्या मध्ये घोळका करून बेत न ठरवता पुढची चाल लगेच सुरू करणाऱ्या वेगवान आक्रमणावर.

शिवाय ग्रँट यांच्याभोवती मिनेसोटातही कॅनडाचा गोतावळा होता. त्यांना बोलावणारे जिम फिंक्स पूर्वी कॅलगरीच्या संघाचे महाव्यवस्थापक होते, आणि पहिल्या सुपर बोलपर्यंत नेणारा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, जो कॅप हा 1964 चा ग्रे कप जिंकलेल्या बीसी लायन्सचा होता. घरच्या मैदानावर कडाक्याच्या थंडीतही कडेला हीटर लावू न देण्याचा ग्रँट यांचा नियम प्रसिद्ध आहे. लेव्ही मात्र बफेलोत 1986 मध्ये आले ते कॅनडातील प्रशिक्षकपद सोडून बराच काळ लोटल्यावर.

सन्मानांचा क्रमही उलटा आहे. ग्रँट यांना कॅनडाने 1983 मध्ये आणि अमेरिकेने 1994 मध्ये आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले. लेव्ही यांना अमेरिकेने 2001 मध्ये घेतले, आणि कॅनडाने त्यानंतर वीस वर्षांनी, 2021 मध्ये.