काटकसर आणि कसर

मराठीत ‘कसर’ हा शब्द दोन कामं करतो. एक कसर म्हणजे उणीव, तूट. दुसरी म्हणजे कपाटातली ती चंदेरी, सुळकन पळणारी कीड, जी अंधारात आणि दमटपणात राहते आणि पुस्तकांच्या बांधणीतली खळ खाऊन जगते. काटकसरीतली कसर अर्थात पहिली. पण गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी आम्ही आईकडचा माळा काढला, तेव्हा दुसरीची गाठ पडली. सुतळीने बांधलेल्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात. गठ्ठा उचलला तर मधले अंक जाळीसारखे झालेले. आई म्हणाली, “अगं, काटकसरीने ठेवले होते मी.”

तेव्हापासून मी या दोन गोष्टी वेगळ्या करायचा प्रयत्न करतेय. काटकसर आणि अडगळ. बाहेरून बघाल तर अगदी जुळ्या बहिणी. दोघींकडे रिकाम्या बरण्या असतात, जुन्या साड्या असतात, पिशव्यांनी भरलेली एक पिशवी दाराच्या खिळ्याला असते आणि दोघींच्या तोंडी एकच वाक्य असतं: “असू दे गं, लागेल.” टाकवत दोघींनाही नाही. म्हणूनच घर आवरायला बसलं की काटकसरी बाईला वाटतं आपल्यावर हल्ला होतोय, आणि आवरणाऱ्या मुलीला वाटतं हा सगळा नुसता पसारा आहे. बऱ्याचदा दोघींचं अर्धं अर्धं बरोबर असतं.

फरक कुठे आहे, ते सुती साडीकडे बघितलं की कळतं. आमच्या आजीची साडी जुनी झाली की ती ‘जुनी साडी’ म्हणून कधीच घडी घालून ठेवली गेली नाही. तिला लगेच नवं नाव मिळायचं. एक साडी वाळवणाची. चैत्र-वैशाखात गच्चीवर पसरायची, तिच्यावर कुरडया घालायच्या. घरात बाळंतीण येणार असेल तर मऊ पडलेल्या साडीची दुपटी. नव्या कापडाला तो मऊपणा येतच नाही, म्हणून शेजारच्याही मागून न्यायच्या. दोन नऊवारी शिल्लक राहिल्या की गोधडी: वर एक, खाली एक, मध्ये आजोबांच्या धोतरांचे तुकडे, कडेपासून धावदोरा घालत घालत आत यायचं. गोधडी विरली की तिचं पायपुसणं. पायपुसण्याचे दोरे निघाले की पोतेरं. आणि पोतेऱ्याचाही जीव गेला की ते चुलीत किंवा उकिरड्यावर. सुती असल्यामुळे मागे काही उरायचं नाही.

यात साडी कुठेही थांबलेली नाही. तिचा प्रत्येक मुक्काम ठरलेला, पुढचं गाव माहीत असलेला. काटकसर म्हणजे वस्तू फिरती ठेवणं. वस्तू फिरायची थांबली, नुसती बसून राहिली, की त्याच मिनिटाला ती अडगळ होते, मग ती कितीही चांगली असो.

आणि म्हणून मोजदाद करून हा फरक कळत नाही. ‘घरात सामान किती’ हा प्रश्नच चुकीचा. वर्षाची बेगमी करणाऱ्या घरात सामान काही थोडं नसतं. कडुलिंबाचा पाला घालून भरलेल्या गव्हाच्या कोठ्या, एरंडेलाचा हात फिरवलेली तूरडाळ, पापड, सांडगे, शेवया, तिखट, दादरा बांधलेली लोणच्याची चिनी मातीची बरणी. खोली भरून जाते. पण ती खोली वर्षभरात रिकामी होत जाते. पावसाळ्यात भाजी महाग झाली की सांडगे उतरतात, श्रावणात पापड, आणि पुढचा उन्हाळा लागेपर्यंत बरणीच्या तळाशी नुसता खार राहतो. ती धुऊन, उन्हात तापवून परत भरायची. साठवणीला तळ दिसतो. अडगळीला तळ कधी दिसत नाही, कारण तिच्यात फक्त वरून भर पडत असते.

आता श्रीखंडाच्या डब्यांकडे येऊ. आईच्या ओट्याखालच्या कप्प्यात श्रीखंडाचे आणि आइसक्रीमचे मिळून एकतीस डबे निघाले. झाकणं तेवीस. त्यातली नीट बसणारी अकरा. मी जमिनीवर बसून एकेक झाकण एकेका डब्याला लावून बघत होते आणि आई वरून सूचना देत होती, “ते निळं त्याचं नाहीये, ते पलीकडच्याचं.” म्हणजे तिला प्रत्येक झाकणाचं कुळ-गोत्र माहीत होतं! या डब्यांचं काम खरं आहे, हे मी नाकारत नाही. कुणाला भाजी द्यायची, परत डबा मागायचा नाही, तर याहून सोयीचं काही नाही. पण आई महिन्यातून दोनदा कुणाला काहीतरी देते. त्याला सहा डबे पुरतात. सातवा डबा काटकसर नाही.

इथे आईचा दोष नाही, हे मला उशिरा समजलं. सवय तीच आहे, माल बदललाय. तिच्या आईच्या घरातलं पितळेचं पातेलं कल्हई करून पिढ्यान् पिढ्या चालायचं, आणि चेपलं, फुटलं तरी मोडीत वजनावर पैसे यायचे. डालड्याचा पत्र्याचा डबा धान्य मापायचा, मग गंजायला लागला की तळाला भोकं पाडून तुळशीची कुंडी व्हायचा. त्या वस्तूंना दुसरा, तिसरा जन्म होता. श्रीखंडाच्या डब्याला कल्हई होत नाही. त्यात गरम आमटी ओतू नये, हळदीचा डाग जात नाही, आणि मोडीत त्याची किंमत जवळजवळ शून्य. पॉलिएस्टरच्या साडीचंही तेच. ती पाणी टिपत नाही, म्हणून तिचं पोतेरं होत नाही. बाळाच्या अंगाला ती लावायची नाही. गोधडी शिवलीच तर अंगावरून घसरते आणि आत घाम येतो. सुती साडीसाठी बनलेला नियम पॉलिएस्टरला लावला की त्या साड्या दिवाणात जाऊन बसतात. मागच्या पिढीची शहाणी सवय या पिढीच्या मालावर आंधळेपणाने चालवली, तर त्यातून अडगळच तयार होते.

शिवाय टंचाई आपण बघितलेली नाही. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाल्ली, त्यांच्या हाताला रिकामी बरणी टाकवत नाही. त्यांच्या हिशोबात टाकलेली वस्तू परत मिळेलच असं नव्हतं. ‘टाक, लागली तर नवीन आणू’ असं सहज म्हणणाऱ्याच्या खिशात नवीन आणण्याचे पैसे असतात, हे लक्षात घेऊनच ज्येष्ठांशी या विषयावर बोलावं. मी पहिल्या दिवशी तसं बोलले नाही. संध्याकाळचा चहा अबोल्यात झाला.

दुसऱ्या दिवशी मी हिशोबाने बोलायचं ठरवलं, कारण काटकसरी माणसाला हिशोब कळतो. आईचा दिवाण सहा फूट बाय तीन फूट, म्हणजे अठरा चौरस फूट. जागेचा भाव चौरस फुटाला 8,000 रुपये धरला, तरी त्या दिवाणाखाली 1,44,000 रुपयांची जागा आहे. तिच्यात काय ठेवलंय? बंद पडलेला मिक्सर, त्याच्या आधीचा बंद पडलेला मिक्सर, कडक झालेल्या कुकरच्या रिंगा आणि लग्नांत आहेर म्हणून आलेले ब्लाउजपीस. आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मिक्सरचं भांडं चांगलं आहे.” भांडं चांगलंच होतं. फक्त नव्या मिक्सरला बसत नव्हतं.

याहून मोठा तोटा डोळ्याला दिसत नाही. घरात वस्तू आहे, पण सापडत नाही, म्हणून दुसरी आणली जाते. माळा उतरवल्यावर आम्हाला चार स्क्रू-ड्रायव्हर, तीन टॉर्च आणि सुईदोऱ्याच्या पाच डब्या मिळाल्या. प्रत्येक खरेदी वेगळ्या वर्षातली, प्रत्येक वेळी “मेलं सापडतच नाही” असं म्हणून केलेली. एका टॉर्चमधले सेल आत फुटून पांढरी भुकटी झाली होती आणि टॉर्चही गेला होता. जपून ठेवल्यामुळेच गेला, वापरला असता तर सेल बदलले असते. अडगळीत वस्तू टिकतात हा गैरसमज आहे. रबर कडक होतं, इलॅस्टिक सैल पडतं, गरम मसाल्याचा वास उडतो, जास्तीच्या गव्हाला पोरकिडे लागतात, औषधांची तारीख उलटते. आणि कागदाला कसर लागते.

याचा अर्थ सगळं फेकून घर हॉटेलच्या खोलीसारखं करावं, असं मी म्हणत नाहीये. तसले आधी-नंतरचे फोटो बघून माझी एक मैत्रीण पेटली होती. तिने स्वयंपाकघरातल्या बरण्या, स्टीलचे डबे सगळं काढून टाकलं आणि एकसारखे पारदर्शक डबे मागवले, वर लेबलांचं मशीन. ओटा दिसतो देखणा. पण चांगले डबे देऊन त्याच कामाचे डबे विकत घेणं याला आवराआवर म्हणायचं, तर उधळपट्टी कशाला म्हणायचं? रिकामं घर आणि काटकसरीचं घर यांत गल्लत करणं ही या विषयातली दुसरी फसगत, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडते.

आम्ही शेवटी एकच प्रश्न ठरवला. वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, हिचं पुढचं काम कोणतं आणि ते कोण, कधी करणार? “लागेल” हे उत्तर धरायचं नाही. “संक्रांतीला वाण लुटायचंय, तेव्हा या वाट्या” हे उत्तर चालेल. बटणांचा डबा याच उत्तरावर वाचला. शर्ट पोतेऱ्यात जाण्याआधी बटणं कापून घ्यायची आईची पद्धत आहे, आणि त्या डब्यात दर महिन्याला कुणाचा तरी हात जातो. ब्लाउजपीसही बरेचसे वाचले, पिशव्या म्हणून. 23 मार्च 2018 ला महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हापासून भाजीला कापडी पिशवी लागतेच. चार पिशव्या शिवल्या, बाकीचे आहेर परत फिरायला मोकळे. आहेराचे ब्लाउजपीस तसेही घराघरांतून फिरतच असतात.

बाहेर जाणाऱ्या वस्तूंच्या वाटाही जुन्या घरांना ठरलेल्या होत्या, हे आपण विसरतो. रद्दीवाला, भंगारवाला, कल्हईवाला, आणि दारात गाठोडं सोडून बसणारी बोहारीण. चार साड्या, दोन पँटा दिल्या की “ताई, अजून एक पँट टाका” म्हणत तासभर घासाघीस आणि शेवटी स्टीलचं एक पातेलं. म्हणजे आपल्या काटकसरी आज्या डिक्लटरिंग करतच होत्या, फक्त त्यातूनही भांडं मिळवत होत्या. आता इमारतीचा वॉचमन बोहारणीला आत सोडत नाही, आणि ती वाट बंद झाल्यावर कपडे दिवाणात तुंबले. भंगारवाला अजून येतो. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून दारोदार कचरा गोळा करते. आपण सुका कचरा कोरडा आणि वेगळा दिला, तर त्यातल्या विकाऊ मालावर त्यांना कमाई होते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, एका बाजूने चिकटलेला ठेवावा, नाहीतर तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. मिक्सर आणि सेल ई-कचऱ्यात. आणि फाटके, डागाळलेले कपडे ‘गरिबांना’ म्हणून देऊ नयेत. ते दान नव्हे, आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात ठेवणं.

एक गोष्ट थोडक्यात, पण सांगायलाच हवी. काही माणसांना खरोखरच काही टाकता येत नाही. रद्दीने पलंग भरतो, चालायला वाट राहत नाही, आणि कुणी हात लावला तर जीव कासावीस होतो. हा काटकसरीचा अतिरेक नव्हे आणि आळसही नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये त्याची स्वतंत्र मनोविकार म्हणून नोंद केली. तिथे परस्पर माळा रिकामा करून उपयोग नसतो, डॉक्टरच लागतो.

आईचं प्रकरण तसं काही नाही. डबे सहा राहिले. सातवा तिने माझ्या नकळत काढून घेतला, त्यात आता रव्याचे लाडू असतात. दिवाळी अंकांतले कसर न लागलेले नऊ वाचनालयाने घेतले. तीन सुती साड्या गोधडीसाठी बाजूला काढल्या आणि चिठ्ठीवर तारीख लिहून वर टाचली, कारण न शिवलेली गोधडी हीसुद्धा अडगळच. दोन कडा झाल्यात, सुई तिथेच टोचलेली आहे. तांब्याच्या बंबाचा निर्णय मात्र झालेला नाही. मोडीत चांगले पैसे येतील हे आईला माहीत आहे, बंबात पाणी पुन्हा तापणार नाही हेही माहीत आहे. परवा तिने तो चिंच-मिठाने घासून लख्ख केला आणि बाल्कनीत नेऊन ठेवला. त्यात काय लावायचं ते अजून ठरत नाहीये.