कर्मचारी समाधानी आहे की काम निकाली निघते आहे? या दोन मोजण्या वेगळ्या

कार्यसमाधान म्हणजे कर्मचाऱ्याला नोकरीबद्दल काय वाटते. ते त्यालाच विचारावे लागते. कामगिरी मात्र दप्तरात दिसते: कार्यविवरण नोंदवहीतली (टेबलावर आलेल्या-गेलेल्या कागदांच्या नोंदीतली) आवक, निपटारा, शिल्लक आणि त्रुटी काढून परत आलेली प्रकरणे. सोलापूरच्या जिल्हा परिषदेत पाहणी करा नाहीतर माढ्याच्या तहसीलमध्ये, या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की उपाय चुकतो.

दोन्हींत नाते आहे, पण सैल. टिमोथी जज हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सहसंबंध (० म्हणजे नाते नाही, १ म्हणजे पूर्ण नाते) सुमारे ०.३० निघाला. त्याचा वर्ग ०.०९, म्हणजे कामगिरीतल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के समाधानाशी जोडता येतो. सरकारी नोकरीत कारणही उघड आहे: वेतनवाढ काम करणाऱ्याला आणि टाळणाऱ्याला बहुधा सारखीच मिळते. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच मांडले होते की पगार, नियम आणि देखरेख सुधारली तर नाराजी कमी होते, पण उमेद कामातून, जबाबदारीतून आणि दखलीतून येते.

समाधान मोजताना अर्जावर नाव नको. सहा जणांच्या शाखेत वय आणि पदनाम विचारले तरी माणूस ओळखू येतो. भरलेले अर्ज कार्यालय अधीक्षकांनी गोळा केले, तर सगळेच ‘पूर्ण समाधानी’ निघतात. बंद पेटी ठेवा.

कामगिरीसाठी ३० नस्त्या (फायली) चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्येक नस्ती कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होती ते मोजा. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार कोणाकडेही नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. नुसती शिल्लक बघू नका. आषाढी वारीच्या कामाला माणसे पंढरपुरात गेली की मागे शिल्लक वाढतेच. ते दिवस वजा करा. गोपनीय अहवालातली प्रतवारीही एकटी पुरत नाही, कारण ती वरिष्ठांचे मत आहे.

सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे ते निपटारा उत्तम असूनही नाराज असलेल्या टेबलाकडे. रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार बहुतेक वेळा त्याच माणसाकडे येतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो. हा सरळ अन्याय आहे. अशा आदेशात शेवटची तारीख लिहा, आणि ती उलटली की कार्यभार दुसऱ्या टेबलाकडे द्या.