पोतां

(एकवचन : पोतुं). फरशी पुसायचे ओले फडके आणि तापात कपाळावर ठेवायची ओली पट्टी, असे दोन्ही अर्थ असलेला गुजराती नपुंसकलिंगी शब्द. बडोद्यातील मराठी घरांत तो मुख्यतः ‘कचरा-पोतां’ (केर-फरशी) या जोडशब्दातून ऐकू येतो.

व्युत्पत्तीबाबत दोन मते आहेत. एका मताने हा शब्द हिंदी ‘पोतना’, मराठी ‘पोतारणे’ व ‘पोतेरे’ यांच्या कुळातला, म्हणजे मूळ अर्थ लेप देणे, सारवणे. दुसरे मत त्याचा संबंध कापडवाचक संस्कृत ‘पोत’, प्राकृत ‘पोत्त’ यांच्याशी जोडते. पाली ‘पोत्थक’ हाही एका जाड्याभरड्या कापडाचाच वाचक आहे. गुजरातीतील ‘पोतियुं’ (सोवळ्याचे लहान धोतर) आणि ‘पोतडी’ (आखूड धोतर), तसेच मराठीतील कापडाचे ‘पोत’ पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कपाळावरच्या पट्टीत सारवण्याचा भाव मुळीच नाही, कापडाचा आहे. हिंदी ‘पोंछा’ व मराठी ‘पुसणे’ यांचे मूळ मात्र संस्कृत ‘प्रोञ्छ्’ धातूत आहे. ध्वनिसाम्यावरून त्यांची येथे सांगड घालणे योग्य नव्हे.

बडोदे १७३४ पासून गायकवाडांकडे सलग राहिले आणि दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी वस्ती वाढली. शब्दाचा मराठी घरांतील वावर त्यानंतरचा असावा. फरशी पुसण्याच्या अर्थाने तर तो बराच अलीकडचा, कारण जमिनी शेणाने सारवल्या जात तोवर तेथे काम पोतेऱ्याचे होते. साडी चुरगळून मळली की ‘पोतेरं झालं’ म्हणतात, त्यात तीच जुनी वस्तू टिकून आहे.

आजारपणात गुजराती शेजारीण ‘मीठानां पोतां मूको’ म्हणते, तर मराठी आई ‘मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव’ म्हणते. उपचार एकच. गारवा येतो तो कापडातले पाणी अंगाच्या उष्णतेने वाफ होऊन उडते म्हणून; मिठाने त्यात विशेष भर पडत नाही. पाणी साधे किंवा किंचित कोमट असावे. बर्फाच्या पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हुडहुडी भरते आणि शरीर उलट अधिक उष्णता निर्माण करते. उष्माघातात केवळ कपाळावरच्या पट्ट्या पुरत नाहीत : सर्वांग ओले करून वारा घालावा आणि रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.