एक डोळ्याचं कोकरू आणि त्वचेचा कॅन्सर

एक डोळ्याचं कोकरू किंवा वासरू जन्मल्याचा व्हिडिओ अधूनमधून फिरतोच, कपाळाच्या मधोमध एकच मोठा डोळा, खाली कमेंटमध्ये निम्मे लोक हात जोडणारे आणि निम्मे जगबुडी आली म्हणणारे. ते बिचारं पिल्लू बहुतेक वेळा जगत नाही आणि लोक पुढच्या व्हिडिओकडे वळतात. पण या डोळ्यामागचं कारण शोधत गेलं तर आपण थेट कॅन्सरच्या एका औषधापाशी येऊन पोचतो, आणि मला विचाराल तर कुठल्याही चमत्कारापेक्षा हे प्रकरण जास्त भारी आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात अशी कोकरं इतकी जन्मायला लागली की सरकारी शेती खात्याचे शास्त्रज्ञ तपासाला आले. बऱ्याच खटपटीनंतर कळलं की डोंगरावरच्या कुरणात उगवणारी कॉर्न लिली नावाची रानटी वनस्पती मेंढीने गाभण असताना साधारण चौदाव्या दिवशी खाल्ली तर कोकराला एकच डोळा येतो. त्यातल्या विषारी द्रव्याला पुढे सायक्लोपामाईन असं नाव पडलं. पण ते नेमकं करतं काय, हे १९९८ च्या सुमाराला उलगडलं.

उत्तराची सुरुवात झाली होती फळमाशीपासून. न्युसलाईन-फोलहार्ड आणि विशाउस या दोन शास्त्रज्ञांनी माश्यांमध्ये म्युटेशन घडवून कुठला जीन बिघडला की त्यांच्या अळ्यांच्या अंगाची ठेवण कशी चुकते हे चिकाटीने तपासलं, १९८० मध्ये ते काम छापून आलं आणि १९९५ मध्ये त्याला नोबेल मिळालं. एक जीन बिघडला की अळी आखूड आणि काटेरी व्हायची, म्हणून त्याचं नाव हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असलेला एक छोटा प्राणी. आपल्याकडे त्याचे तीन भाऊबंद आहेत आणि त्यातल्या एकाला कुणीतरी व्हिडिओ गेमवरून सॉनिक हेजहॉग म्हटलं, आता गंभीर आजाराच्या पेशंटसमोर हे नाव घेताना डॉक्टरांची पंचाईत होते ती वेगळीच.

गर्भात सुरुवातीला डोळ्यांसाठी एकच सलग पट्टा असतो. मधल्या रेषेवरच्या सेल सॉनिक हेजहॉग हे प्रोटीन सोडतात, त्यामुळे मधला भाग "इथे डोळा नाही" असं ठरवतो आणि पट्ट्याचे दोन भाग होतात. सिग्नल पोचलाच नाही तर डोळा एकच राहतो, मेंदूचा पुढचा भागही नीट दुभागत नाही. हातातही हेच प्रोटीन करंगळीच्या बाजूने सुटतं, जिथे जास्त आणि जास्त वेळ मिळालं तिथे करंगळी, आणि अंगठा त्याच्याशिवायच होतो. हा सिग्नल भलत्या बाजूलाही सुटला तर जादा बोट येतं, सहा बोटांचा माणूस नशीबवान वगैरे म्हणतात त्यात नशिबाचा काही संबंध नाही.

आता माझा आवडता भाग, जरा सावकाश वाचा. सेलवर पॅच्ड नावाचं प्रोटीन असतं आणि त्याचं काम म्हणजे स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला दाबून ठेवणं. म्हणजे एरवी सगळं बंद. हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटलं की पॅच्ड निकामी होतं, स्मूदन्ड मोकळं सुटतं, आणि मग ग्ली नावाची प्रोटीन्स, जी एरवी तुकडे करून गप्प बसवलेली असतात, ती अख्खी न्यूक्लियसमध्ये जाऊन सेलच्या वाढीचे जीन चालू करतात. हे सगळं घडतं सेलच्या अंगावरच्या एका बारीकशा केसासारख्या सिलियममध्ये. आणि खरी गंमत पुढे आहे, ग्ली जे जीन चालू करतं त्यात पॅच्डचा जीनसुद्धा असतो, म्हणजे सिग्नल आला की तो बंद करणारं प्रोटीनही जास्त बनायला लागतं आणि सिग्नल आपोआप आटोक्यात राहतो.

आता हा पॅच्डच मोडला तर? हेजहॉग आलं नाही तरी स्मूदन्ड मोकाट, आणि ग्लीने कितीही पॅच्ड बनवायला सांगितलं तरी जे बनतं ते मोडकंच. बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात, गॉर्लिन सिंड्रोम हा आनुवंशिक आजार असलेल्यांना पॅच्डची एक बिघडलेली कॉपी जन्मतःच मिळते, दुसरी उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटने वगैरे बिघडली की झालं, म्हणून त्यांना असे ट्यूमर कमी वयात आणि ढिगाने होतात. कॅन्सर म्हणजे शरीरात घुसलेलं काहीतरी परकं, आणि अमुक काढा घेतला की ते "बाहेर पडतं", असं सांगणाऱ्यांना हे कोण सांगणार? इथे तर गर्भात आपला चेहरा घडवणारी यंत्रणाच बंद व्हायची राहिलीय.

हेजहॉग एकटा नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा व्हिंट नावाच्या सिग्नलला आवरणारा एपीसी हा जीन गेलेला असतो, आणि टी सेल या पांढऱ्या रक्तपेशींच्या एका ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये नॉच नावाचा जीन बिघडलेला असतो. दोन्हीची मुळं माशीपर्यंत जातात.

सायक्लोपामाईन स्मूदन्डलाच जाऊन बसतं आणि त्याला बंद करतं. मग पॅच्ड मोडलेल्या ट्यूमरमध्ये असंच काहीतरी दिलं तर? त्या विचारातून व्हिस्मोडेगिब ही गोळी आली, बेसल सेल कार्सिनोमा पसरला असेल किंवा ऑपरेशन जमण्यासारखं नसेल तर देण्यासाठी तिला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. लगेच "कॅन्सरवर रामबाण" अशा हेडलाईन नकोत. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ही गोळी चालली नाही, आणि जिथे चालते तिथेही काही ट्यूमर स्मूदन्डमध्येच असा बदल करतात की गोळी नीट बसतच नाही. शिवाय मोठेपणीही केस आणि जिभेवरच्या चवीच्या सेल हाच सिग्नल वापरतात, त्यामुळे केस गळतात, चव जाते, आणि वर पायात गोळेही येतात. गरोदरपणात तर अजिबात चालत नाही, इतकं की गोळी घेणाऱ्याने रक्तदानही करायचं नाही, थांबवल्यावरही बरेच महिने. लहान मुलांमध्ये मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या ट्यूमरच्या एका प्रकारात हाच सिग्नल बिघडलेला असतो, पण वाढत्या हाडाच्या टोकांना सॉनिकचाच भाऊबंद असलेलं इंडियन हेजहॉग लागतं, ते बंद पडलं की हाडांची टोकं वेळेआधीच जुळून जातात आणि मुलाची उंची कायमची खुंटू शकते, म्हणून उंची वाढायची थांबेपर्यंत डॉक्टर ही गोळी द्यायला कचरतात.