आड किती खोल आणि पोहरा केवढा

गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड संगणकासाठी घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'किती जीबी?', म्हणजे कार्डावर मेमरी किती. जास्त जीबी म्हणजे जास्त वेग, हा समज इतका घट्ट बसला आहे की सारख्याच नावाची दोन कार्डं समोर आली तर खोक्यावरचा तेवढाच आकडा बघून निकाल लागतो.

एनव्हिडियाचं जीटी १०३० घ्या. २०१७ साली ते जीडीडीआर५ नावाची वेगवान मेमरी घेऊन आलं आणि २०१८ साली त्याच नावाने डीडीआर४ या संथ मेमरीचं आलं. दोन्हींत २ जीबी, दोन्हींच्या चिपवर ३८४ कोअर, म्हणजे हिशोब करणारे छोटे भाग. पण पहिलं कार्ड मेमरीतून सेकंदाला ४८ जीबी माहिती उचलतं, दुसरं फक्त १६.८.

हा फरक कुणालाही काढता येतो. चिप आणि मेमरी यांच्यामधल्या तारांच्या जुडग्याला बस म्हणतात. इथे ती ६४ बिटची. जीडीडीआर५ च्या प्रत्येक तारेतून सेकंदाला ६ अब्ज बिट जातात. ६४ गुणिले ६ म्हणजे ३८४ अब्ज बिट, त्याला ८ ने भागलं की ४८ जीबी. डीडीआर४ मध्ये ६ च्या जागी २.१ घाला. मेमरी हा आड धरला, तर ही बँडविड्थ म्हणजे पोहरा.

आता पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हवी असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात पहिलं कार्ड ०.८ जीबी वाचू शकतं, दुसरं ०.२८. म्हणजे स्वतःच्याच २ जीबी मेमरीवरून एकदा नजर फिरवायलाही दोघांना एक फ्रेम पुरत नाही! हा हिशोब मला फार आवडतो, कारण तो एकदा मांडला की जीबीचा आकडा आपोआप आपल्या जागी जाऊन बसतो.

पण एका फ्रेमला इतकी माहिती लागतेच कशाला? १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे रंगाचे ठिपके, असतात. प्रत्येकी ४ बाइट धरले तरी जेमतेम ८ एमबी. पण हे झालं तयार चित्र; ते बनवताना काय काय वाचावं लागतं ते कळायला गेममधल्या विटांच्या भिंतीचा एकच पिक्सेल जवळून बघा. आधी तो किती लांब आहे ते वाचून त्याच्यापुढे दुसरं काही आहे का ते तपासायचं. मग विटांच्या चित्रातले चार शेजारी ठिपके वाचून त्यांची सरासरी काढायची, आणि लांब-जवळचा फरक गुळगुळीत हवा असेल तर आठ. मग तिथे सावली पडते का ते सांगणारा सावलीचा नकाशा वाचायचा. भिंतीपुढे धूर असेल तर रंगवून झालेला रंग परत वाचायचा, त्यात धूर मिसळायचा, पुन्हा लिहायचा. धुराचे दहा थर असतील तर हेच दहा वेळा. दाट धुरात शिरलं की फ्रेम घसरतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

अर्थात नुसत्या गुणाकारावरही थांबू नका. एनव्हिडियाच्याच आरटीएक्स ३०६० टीआय कार्डाची बस २५६ बिटची, बँडविड्थ ४४८ जीबी. नंतर आलेल्या ४०६० टीआयची १२८ बिट आणि २८८ जीबी. तरी नवं कार्ड मागे पडत नाही, कारण त्याची एल२ कॅशे, म्हणजे चिपवरच असलेली छोटी, वेगवान मेमरी, ४ एमबीवरून ३२ एमबी झाली आहे. निम्म्या मागण्या कॅशेतच भागल्या तर मेमरीपर्यंत निम्म्याच जातात. मात्र ४के, म्हणजे ३८४० × २१६० च्या पडद्यावर पिक्सेल चौपट होतात, लागणारी माहिती कॅशेत मावत नाही आणि अरुंद बस पुन्हा जाणवू लागते. म्हणून दोन कार्डांची तुलना आपण ज्या रिझोल्युशनवर (पडद्यावरच्या पिक्सेलच्या संख्येवर) खेळतो त्यावरच बघावी.

मग जीबीला अर्थ कधी? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, तेव्हा. ४०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळालं, दोन्हींची बँडविड्थ २८८ च. गेम ८ जीबीत मावला तर दोन्ही सारखीच धावतात. नाही मावला, तर उरलेला माल संगणकाच्या मुख्य मेमरीतून सेकंदाला सुमारे १६ जीबीच्या वाटेने आणावा लागतो, आणि कोपऱ्यावर वळताच चित्र अडखळतं.

खोक्यावरचं 'ओसी' आणि रंगीत दिवे यांना भुलू नये. 'ओसी' म्हणजे तीच चिप, कारखान्यातून जरा जास्त गतीवर लावलेली. आरटीएक्स ३०६० बघताना मात्र बस जरूर तपासा. १२ जीबीच्या कार्डाची १९२ बिट, ८ जीबीच्या कार्डाची १२८. कोअर दोन्हींत ३५८४ च, पण बँडविड्थ एकाची ३६०, दुसऱ्याची २४०.