साखर उतरणे (सल्फोनिलयुरिया गोळ्यांमुळे)

मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांमुळे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येणे. वैद्यकीय नाव हायपोग्लायसेमिया. बोलण्यात ‘शुगर लो झाली’ किंवा नुसतेच ‘घेरी आली’. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि जुनी ग्लिबेनक्लामाइड ही या गटातली नेहमीची औषधे. ती स्वस्त आहेत, गुणकारी आहेत आणि पुष्कळदा मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत येतात. त्यामुळे ‘साखरेची गोळी’ घेणाऱ्याला तिच्यात हे औषध आहे याचा पत्ताही नसतो.

या गटाचा शोध लागला तोच या दुष्परिणामातून. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए येथे मार्सेल जानबाँ विषमज्वराच्या रुग्णांना एक सल्फा औषध देत असताना काहींची साखर घसरली. त्यामागचे कारण ओग्युस्त लुबातिएर यांनी शोधले : हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. एरवी स्वादुपिंड रक्तातली साखर वाढली की इन्सुलिन वाढवते आणि ती उतरली की हात आखडता घेते. ही गोळी तिथल्या पेशींवरची पोटॅशियमची दारे बंद करते आणि साखर आधीच कमी असली तरी इन्सुलिन येतच राहते. पानात भात पडला की नाही, हे गोळीला कळत नाही.

कोकणात नेमके हेच अंगाशी येते, कारण जेवणाची वेळ हलण्याचे प्रसंग इथे पुष्कळ. गणेश चतुर्थीला भटजी वाडीतली घरे उरकत आपल्याकडे येईपर्यंत, मग पूजा, आरत्या आणि नैवेद्य होईपर्यंत दुपारचे दोन-अडीच वाजतात. आजीने गोळी मात्र सवयीने सकाळी आठलाच घेतलेली असते. माजघरात मोदकांच्या वाफेत बसलेल्या आजीच्या कपाळावर घाम डवरतो, हात कापतात, ती विचारले एक नि सांगते भलतेच. घरातली माणसे म्हणतात, दमली असेल, जरा पडू दे. या ‘पडू दे’ची मला सर्वांत धास्ती वाटते. हरतालिकेचा कडक उपास, लावणीच्या दिवसांत सकाळच्या वाटीभर पेजेवर केलेले काम, होडीवर लांबलेली रात्र, रमजानचे रोजे, या सगळ्यांत धोका तोच. रोजे धरणाऱ्यांची मात्रा डॉक्टर बहुधा इफ्तारकडे सरकवतात आणि कमी करतात. हे रमजान लागण्याआधी विचारून घ्यावे.

साखर दर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड आणि कडकडून भूक ही लक्षणे दिसू लागतात. ५४च्या खाली मेंदूची उपासमार होते : जीभ जड होते, माणूस चिडतो, बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. संध्याकाळी बंदरावर असा कोणी झोकांड्या खाताना दिसला तर ‘प्यालाय’ म्हणून लोक बाजूला होतात. त्याने खरोखर घेतली असेल तर धोका उलट वाढतो, कारण उपाशीपोटी दारू यकृताला साखर तयार करू देत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम तेवढा फुटतो.

शुद्धीवर असलेल्याला लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी साखर तपासावी, अजून कमी असेल तर पुन्हा द्यावे आणि मग जेवू घालावे. सोबत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज (आतड्यात साखरेचे पचन मंदावणारी मधुमेहाची औषधे) चालू असेल तर घरची साखर किंवा गूळ लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच हवी. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते; कुशीवर वळवून १०८ला फोन करावा. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर रुग्ण उठून बसतो आणि घरचे त्याला न्यायला निघतात. ही घाई जिवावर बेतू शकते. गोळी अजून अंगात असते, काही तासांनी साखर पुन्हा कोसळते. म्हणून किमान एक दिवस देखरेखीखाली ठेवावे लागते.

म्हातारपणी आणि मूत्रपिंडे मंदावल्यावर औषध शरीरात साचते. ग्लिबेनक्लामाइडचे विघटित अंशही साखर उतरवतात. जागतिक आरोग्य संघटनेने ते साठीपुढच्यांना अयोग्य ठरवले आहे. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) ताप आला की अन्न सुटते आणि मूत्रपिंडेही बिघडतात, अशा वेळी रोजची मात्राच जास्त ठरते. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, को-ट्रायमोक्साझोल यांसारखी बुरशी-जंतूंवरची औषधे सोबत आली तरी तसेच.

मुलगा मुंबईहून तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या पाठवतो, चिठ्ठी मात्र चार वर्षांपूर्वीची, आई दोन वेळा पोटभर जेवत होती तेव्हाची. आता ती रात्री कपभर दूध घेऊन निजते. अशा घरात गोळी मनाने बंद करू नये. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी तपासणी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) तपासून मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी. थकलेल्या वृद्धांसाठी एचबीए१सी ८ टक्क्यांच्या आसपास असले तरी डॉक्टर चालवून घेतात. पहाटे उशी घामाने भिजलेली असणे आणि उठल्यावर डोके जड असणे, ही रात्री साखर उतरल्याची खूण असू शकते, आणि आई ती आपणहून सांगत नाही.